रेघेच्या अलीकडे

परीक्षेच्या दिवशी सकाळी बाबांनी रविवारी चॅपेलला घालायचा सूट मागितला आणि गेनोरने तो मुकाट्याने काढून दिला.

सूटला तिने कालच ब्रश मारून ठेवला होता. तीन दिवस ती घर घासत होती. एप्रिलच्या चिखलाने माखलेला पुढचा ओटा पुन्हा पुन्हा धुतला होता, खिडक्यांच्या काचा वर्तमानपत्राने पुसून लख्ख केल्या होत्या, आईच्या वेळचा निळ्या काठाचा चहाचा संच कपाटातून खाली आला होता. बाबांच्या पलंगाशेजारची भांड्याची खुर्ची उचलून तिने मागच्या कोठारात ठेवली होती, आणि चालायची चौकट जिन्याखाली सरकवून वर एक जुना कोट टाकला होता. बाहेरचं माणूस घरात येणार म्हटलं की प्रिचर्डांकडे हे सगळं आपोआप होत असे. खाणीचा तपासनीस असो, नवा पाळक असो, नाहीतर विम्याचा माणूस असो, आपल्या घरात काही उणं आहे असं त्याला दिसता कामा नये. गेनोर एकसष्ट वर्षांची होती, आणि ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवली असं तिला आठवत नव्हतं.

किटलीखाली गॅस लावताना मात्र तिचा हात थबकला. राज्याच्या कचेरीतल्या बाईने फोनवर तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "नर्स येईल तेव्हा त्यांचा वाईट दिवस तिला दिसू द्या. चांगला नको."

"आत्या," ती म्हणाली, "आपण घोटाळा करून ठेवलाय."

विनी आत्या टेबलापाशी बसून मनुकांच्या पावाच्या कापांना लोणी लावत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, बाबांची धाकटी बहीण. बाबा या घरी आल्यापासून सोबतीला म्हणून येऊन राहिली होती. "काय झालं? लोणी कमी पडलं?"

"खुर्ची कोठारात, चौकट जिन्याखाली. बाबांना मदत लागते की नाही हे बघायला ती बाई येतेय, आणि आपण मदतीची एकूण एक खूण पुसून टाकलीय."

"मग काय, दारातून आत आल्या आल्या तिला शौचाची खुर्ची दाखवायची? बसा बाई, चहा घ्या, आणि हे बघा आमचं भांडं?" आत्याने सुरी लोण्यात खुपसली. "तिला डोळे आहेत की नाहीत? अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, झटका येऊन गेलेला. यात आणखी बघायचं काय?"

"बाबा तिला दिसू देतील तर ना."

आत्याने पावाचा पुढचा काप उचलला.

बाबांनी, एम्लिन प्रिचर्डने, उभा जन्म रेघेच्या पलीकडे, न्यूयॉर्कमधल्या कॅडवेल गावी काढला होता. दोन राज्यांच्या सीमेला इथे सगळे रेघच म्हणतात. पलीकडे तांबडी स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, निघते, अलीकडे व्हर्माँटात जांभळी आणि हिरवी, आणि दोन्हीकडच्या खाणीत त्याच वेल्श घराण्यांची माणसं. छपरावर घालायच्या पातळ स्लेट चिरण्यात एम्लिनचा हात धरणारा कोणी नाही, असं दोन्हीकडची माणसं म्हणत. नऊ वर्षांपूर्वी झटका आला आणि डावा हात गेला. तेव्हापासून तो थोरल्या मुलाकडे, एल्विनकडे, कॅडवेललाच, खालच्या खोलीत होता. न्यूयॉर्क राज्य दिवसा घरी मदतनीस बाई पाठवत असे. मग एल्विनच्या बायकोचं, डोरीनचं मूत्रपिंड बिघडलं आणि तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मदतनीस बाईने काम सोडलं, तिच्या जागी दुसरी आलीच नाही. मेपलच्या झाडांना रस काढायला नळ्या लावायच्या दिवसांत सगळ्यांनी बसून, भांडून, शेवटी ठरवलं की बाबांनी गेनोरकडे, अलीकडे एबनेझरला यायचं.

गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. पण मध्ये रेघ होती. ज्या राज्यात माणूस राहतो त्याच राज्याने त्याची शुश्रूषा करायची, असा कायदा. पलीकडची मदत ट्रंकेत भरून अलीकडे आणता येत नाही. आधी राहायला यायचं, मग नव्या राज्याकडे नवा अर्ज करायचा, आणि आपल्याला मदत लागते हे सगळं नव्याने पटवायचं. बाबांच्या पैशाअडक्याची छाननी गेल्या आठवड्यात झटकन उरकली, कारण छाननी करण्यासारखं काही नव्हतंच. आता उरली होती ती नर्सची भेट. तिने 'गरज आहे' म्हटलं तर गेनोर शाळेची बस चालवायला जाईल तेवढा वेळ घरी मदतनीस येईल, आणि बाबा इथे राहतील. 'नाही' म्हटलं तर पलीकडे, दोन तासांवरच्या एका शुश्रूषागृहात एल्विनने एक खाट धरून ठेवली होती. पलीकडची मदत या महिनाअखेरीपर्यंतच चालू होती, आणि खाट शुक्रवारपर्यंतच.

त्या खाटेवरून गेनोर भावाशी धड बोलत नव्हती.

एल्विन चिखलाचे बूट दारात काढून मोज्यांवरच आत आला. उंच, खांदे जरासे पुढे झुकलेला, बापासारखाच. खाणीत त्याने ट्रक चालवला होता, आता तेही थांबलं होतं.

"सूट?" बाबांच्या खोलीच्या दाराकडे बघत त्याने विचारलं.

"सूट," गेनोर म्हणाली.

"टायसकट?"

"टाय मी बांधला," आत्या म्हणाली. "चांगला बसलाय. लग्नातसुद्धा त्याचा टाय एवढा सरळ नव्हता."

एल्विन हसला, पण गेनोर हसली नाही. "एल्विन, आज तरी माझ्या बाजूने बोल," ती हलक्या आवाजात म्हणाली. "नर्सने विचारलं तर खरं काय ते सांग. तुझ्याकडे नऊ वर्षं होते ते. माझ्यापेक्षा तुलाच जास्त ठाऊक."

"मला काय ठाऊक?" तो म्हणाला. तो तिच्याकडे न बघता कप पुसायला लागला, जो कप पुसलेलाच होता.

"खाट धरून ठेवायला बरं ठाऊक होतं."

"गेनोर, ती खाट मी—"

"आली," आत्या खिडकीतून म्हणाली. "बापरे, केवढी चिखलात रुतवली गाडी! नाही, निघाली. चालवते बरी. नाव काय म्हणालीस? थिबो? म्हणजे फ्रेंच. काळी कॉफी पिणार आणि पाव नको म्हणणार, बघ."

मिसेस थिबोने चहा घेतला आणि पावाचे दोन काप खाल्ले. साठीकडे झुकलेली, छोट्या चणीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली बाई. बूट तिने न सांगता दारात काढले, तेव्हाच आत्याच्या लेखी तिचं अर्धं फ्रेंचपण गळून पडलं.

बाबा खोलीतून बाहेर आले ते एकटे, चौकटीशिवाय. दारापासून टेबलापर्यंत जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक ओळीने उभ्या होत्या. गेनोरने त्या तशा मांडल्या नव्हत्या. तिने आत्याकडे पाहिलं, आत्या छताकडे बघत होती. बाबा एका खुर्चीच्या पाठीवरून दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर उजवा हात ठेवत आले, जणू काही प्रत्येक खुर्ची घरचीच आहे ना हे तपासून बघत होते. काळा सूट, पांढरी शुभ्र कॉलर, गुळगुळीत दाढी. टेबलापाशी पोचल्यावर त्यांनी ताठ उभं राहून हात पुढे केला.

"एम्लिन प्रिचर्ड. बसा. चिखलाचा त्रास झाला असेल."

आणि गेनोरच्या छातीत, सगळं कळत असूनही, अभिमान दाटून आला. काय दिसत होते! हा माणूस आपला बाप आहे, हे त्या परक्या बाईने पाहावं असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की हाच घोटाळा आहे.

बाबांनी स्वतः चहा ओतला. उजव्या हाताने, किटलीची मूठ घट्ट धरून. थेंबही सांडला नाही.

"सकाळी उठता ते स्वतःहून, मिस्टर प्रिचर्ड?" नर्सने विचारलं.

"मग काय, मला कोंबडा उठवतो?"

"म्हणजे पलंगावरून खाली उतरायला कोणी लागतं का?"

"मी सोळाव्या वर्षापासून अंधारात उठतोय. शिडीने खाणीत उतरत होतो. पलंगावरून उतरायला काय?"

"आंघोळ?"

"करतो."

"एकटेच?"

"माणसाने आंघोळ एकट्यानेच करावी."

आत्याने मान डोलावली. नर्सने एल्विनकडे पाहिलं. "तुमच्याकडे होते ना हे इतकी वर्षं? तिथे कसं होतं?"

गेनोरने श्वास रोखून भावाकडे पाहिलं. एल्विनने कपाच्या कानात बोट अडकवलं, सोडवलं. "बाबांचं बाबा करतात," तो म्हणाला.

"पडतात का अधूनमधून?"

"बर्फावर सगळेच पडतात," आत्या म्हणाली.

"आत्या!" गेनोर म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्याहून मोठा निघाला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बाहेरच्या माणसासमोर बापाचा शब्द खोटा पाडायचा, हे या घरात कधी कोणी केलं नव्हतं. एल्विनने पोरवयात एकदा केलं होतं, आणि त्यानंतर आठवडाभर घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं. तरी ती बोलली. "बाबा गेल्या शनिवारी पडले. न्हाणीघराच्या दारात. बर्फ नव्हता. आंघोळ ते कशी करतात मला ठाऊक नाही, कारण मला ते आत येऊ देत नाहीत. आतून कडी लावतात. मी बाहेर उभी राहते आणि पाण्याचा आवाज ऐकते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "माझी मुलगी काळजीखोर आहे," ते नर्सला म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट होतं. "बस चालवते शाळेची. चाळीस पोरं तिच्या भरवशावर. तिला सवय झालीय सगळ्यांना पोरं समजायची."

नर्स हसली. बाबा जिंकत होते. गेनोरला ते इतकं स्पष्ट दिसत होतं, जणू समोर कोणी दगड चिरतोय आणि भेग सरळ, बरोबर मधून पुढे सरकतेय. प्रत्येक उत्तरागणिक ते थोडे अधिक ताठ होत होते, आणि प्रत्येक उत्तरागणिक शुक्रवारची ती खाट एकेक पाऊल जवळ येत होती. त्यांना ते दिसत नव्हतं का? की दिसत होतं, आणि तरीही खुर्चीत भांडं आहे हे परक्या बाईला कळण्यापेक्षा दोन तासांवरची खाट त्यांना परवडत होती? एल्विनचा तर तिला असा संताप आला की तिने हातातला चमचा बशीत आपटला.

"बरं," मिसेस थिबो म्हणाली. तिने लेखणीला टोपण घातलं. "खरं सांगू का, मिस्टर प्रिचर्ड, तुमच्या वयाची इतकी खणखणीत माणसं मला फारशी भेटत नाहीत. फक्त रक्तदाब बघते आणि निघते. कोट काढता? आणि उजवी बाही वर घ्यावी लागेल."

बाबांनी उजवा हात कोटाच्या गुंड्यांकडे नेला. कोटाची मोठी गुंडी सुटली, दुसरीही. मग मनगट. शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण उजव्या मनगटावर होतं, आणि ते सोडवायला डावा हात लागणार होता. डावा हात मांडीवर पडलेला होता. बाबांनी तो उचलला, म्हणजे खांद्यापासून वर ओढला, आणि बोटं बटणावर नेली. बोटं बटणावर टेकली आणि तशीच राहिली.

आत्याने एकाएकी पावाबद्दल काही सुरू केलं, मनुका रात्रभर चहात भिजवाव्या लागतात वगैरे, आणि मध्येच थांबली. बाबांच्या कपाळावर घाम आला. नर्स वाट बघत होती, चेहऱ्यावर काही न दाखवता.

आणि एल्विन उठला. तो ठरवून उठला नाही, हे गेनोरने नंतर कित्येकदा आठवून पाहिलं. पडणारा पेला धरायला हात जातो तसा तो उठला. बाबांच्या उजवीकडे गेला, मनगटावरचं बटण अंगठ्याने सोडवलं, कोट आधी उजव्या खांद्यावरून उतरवला, हात बाहेर काढला, मग पाठीमागून फिरून कोटाचं सगळं वजन आपल्या हातावर घेतलं आणि डावी बाही त्या निर्जीव हातावरून अशी सरकवली की हात जराही ओढला गेला नाही. शेवटी डावा हात उचलून पुन्हा मांडीवर ठेवला, तळवा वर करून, बोटं जरा मोकळी करून. हे सगळं होईपर्यंत बाबांनी मान कलती केली, खांदा पुढे दिला, जिथे जे द्यायचं ते आधीच देत गेले. दोन माणसांचं ते रोजचं काम होतं.

कोटाची घडी हातावर घेऊन एल्विन उभा राहिला, आणि मग त्याला कळलं की आपण काय केलं. त्याचा चेहरा तांबडा झाला.

"बुधवार आणि शुक्रवार," गेनोर म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "तू बाबांशी चेकर्सचा डाव खेळायला येतोस. मी बस घेऊन बाहेर असते तेव्हा."

एल्विनने कोटाची घडी दुसऱ्या हातावर घेतली.

"चेकर्सपण खेळतात," आत्या म्हणाली. "आंघोळ झाल्यावर. तू बाहेरून ऐकतेस तो नुसता नळ असतो."

"तुला ठाऊक होतं?"

"मी दार राखते, बाई. मला काय ठाऊक नसतं?"

"मग तू मला सांगितलं का नाहीस?" हे गेनोरने एल्विनला विचारलं.

"शब्द दिला होता," तो म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वी. कोणाला सांगणार नाही म्हणून. डोरीनलासुद्धा वाटायचं मदतनीस बाई करते. पण त्या बाईला ते हात लावू देत नसत." त्याने एकदा बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे वळला. "आणि ती खाट मी धरून ठेवली, कारण तू एकटी हे करशील कसं, हे मला सुचेना. तुला ते आत येऊ देत नव्हते. इथे आठवड्याला दोन फेऱ्या मी किती दिवस मारणार? पलीकडे डोरीनला दर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेतो."

मिसेस थिबोने लेखणीचं टोपण काढलं होतं, पण ती काही लिहीत नव्हती. ती बाबांकडे बघत होती. सगळेच बाबांकडे बघत होते. गेनोरला वाटलं, आता ते उठतील, म्हणजे उठू बघतील, आणि खोलीत जाऊन कडी लावतील.

बाबांनी उजव्या हाताने शर्टाची सुटलेली बाही नीट केली.

"पाहिलंत?" ते नर्सला म्हणाले.

"काय?"

"त्याने कोट कसा काढला ते. पाहिलंत की नाही?"

"पाहिलं."

"मग लिहा ना. लेखणी काय शोभेला काढलीय?" त्यांचा आवाज जरा खरखरला, मग स्थिर झाला. हा आवाज गेनोर ओळखत होती. लहानपणी ती डबा घेऊन खाणीच्या शेडमध्ये जायची, तेव्हा कोणा शिकाऊ माणसाची पहिली चांगली स्लेट उजेडात धरून बाबा याच आवाजात बोलायचे. "कपडे काढताना दुबळा हात शेवटी. चढवताना दुबळा हात आधी. हे त्याला कोणी शिकवलं नाही. मी तर नाहीच, मला काय ठाऊक! पहिल्या वर्षी दोघांचीही धडपड व्हायची, सदरे फाटले. मग त्याचं त्याने शोधून काढलं. मी माझ्या हाताखाली पंचवीस-तीस माणसं तयार केली, बाई. स्लेट चिरायची म्हणजे जोर नाही, दगड कुठे सुटायला तयार आहे ते बोटाला कळलं पाहिजे. ज्याला ते कळतं त्याला सांगावं लागत नाही. हा माझा मुलगा ट्रकवर गेला, चिराईला बसला नाही. मला ते फार लागलं होतं. पण हात बघा त्याचा! टबात उतरवताना माझा सगळा भार पाठीवर घेतो आणि मला कळूही देत नाही. केस धुताना कपाळावर तळवा आडवा धरतो, डोळ्यांत पाणी जात नाही. ताटातलं मांस आधीच कापून आणतो, म्हणजे चारचौघांत मला काटा एका हाताने धरता येतो. रात्री कुशीवर वळवतो. तीन वेळा. दर रात्री. नऊ वर्षं." ते थांबले. "अशी माणसं तुमच्या राज्यात किती आहेत?"

नर्स आता लिहीत होती, भरभर. "फार नाहीत," ती म्हणाली.

"आमच्याकडेही नाहीत."

एल्विन कोट हातावर घेऊन तसाच उभा होता. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात बापाने आपल्याबद्दल दुसऱ्याला एवढं सांगितलेलं त्याने ऐकलं नव्हतं. त्याने कोट खुर्चीच्या पाठीवर ठेवला, मग पुन्हा उचलला.

"आणि इथे?" नर्सने विचारलं. "या घरात रात्री कोण वळवतं?"

गेनोरला माहीत होतं, कोणीच नाही. पाठीवर खालच्या बाजूला लाल चट्टा उमटला असेल, तर तो तिला दिसलाही नव्हता.

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "ती दार वाजवते. मी उघडत नाही. चूक तिची नाही. तिला बोलावलं तर ती येईल, आणि चांगलं करेल. ती बस चालवते ना, तिच्या गाडीतलं पोर कधी पुढे आदळत नाही. मी बसलोय त्या बसमध्ये, मला ठाऊक आहे."

आता मात्र विनी आत्याला राहवेना. घराण्याची एवढी वाखाणणी चालली असताना आपला वाटा राहून जातोय, असं तिला वाटलं असावं. "अगं गेनोर, ती खुर्ची आण कोठारातून! ही बाई काय समजेल? म्हाताऱ्याला थंडीत परसात पाठवतात म्हणेल. चांगली खुर्ची आहे हो आमच्याकडे, हात वर-खाली होतात तिचे. गादीला अभ्रा मी शिवलाय. दोन शिवलेत, एक धुवायला."

"विनी," बाबा म्हणाले.

"काय विनी? तू सगळं सांगितलंस ना? मग मी अभ्र्याचं पण सांगते!"

पहिल्यांदा हसली ती नर्स. मग एल्विन, आणि मग बाबांच्या सुटातल्या ताठ देहातून एक हसू असं आलं की त्यांना खोकला लागला, आणि गेनोरने पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

मिसेस थिबोने रक्तदाब मोजला, पाठ पाहिली. लाल चट्टा होता, नाण्याएवढा, कातडी अजून फाटली नव्हती. तिने गेनोरला तो दाखवला, काय लावायचं ते सांगितलं. मग चौकट मागितली, बाबांना तिच्या आधाराने दारापर्यंत चालायला लावलं, आणि खुर्च्यांची ओळ बघून म्हणाली, "ही युक्ती कोणाची?"

"आमच्या घरात खुर्च्या अशाच असतात," आत्या म्हणाली.

बूट चढवताना दारात नर्स गेनोरला म्हणाली, "गरजेचा निर्णय माझा असतो, आणि तो झालाय. यांना मदत लागते, रोज आणि रात्रीही. कचेरीतून आठवड्याभरात पत्र येईल. हे तुमच्या घरी राहायला आले त्या दिवसापासूनचा खर्च धरला जाईल. पलीकडे कळवून टाका, महिनाअखेर तिकडचं बंद करा म्हणावं." तिने एक बूट हातात तसाच धरला. "मघाशी मी टोपण घातलं होतं, बरं का. तुमच्या वडलांनी मला पुरतं पटवलं होतं."

"मलाही," गेनोर म्हणाली.

गाडी चिखलातून वाट काढत रस्त्याला लागली. गेनोर आत आली तेव्हा एल्विन फोन खिशात ठेवत होता. "खाट सोडली," तो म्हणाला. "खालच्या गावातल्या कोणा बाईला हवी होती."

"मी तुला नाही नाही ते बोलले."

"बोललीस." त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "मी सांगितलं असतं तर बोलली नसतीस. म्हणजे अर्धं माझं."

बाबा खुर्चीत खचून बसले होते. सकाळचा सगळा ताठपणा उतरला होता. टाय तेवढा सरळ होता. "बुधवार आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा." एल्विनने सवयीने बाह्या वर केल्या आणि त्यांच्या काखेत हात घालायला वाकला.

"तू नाही."

एल्विन वाकलेलाच राहिला.

"ती शिकेल आता. तुझ्या समोर." बाबांनी उजवा हात गेनोरकडे केला. "काय गं, येतेस ना?"

गेनोरने त्यांना उठवलं. चुकीच्या बाजूने उठवलं, एल्विनचा हात आपोआप पुढे आला, पण त्याने तो मागे घेतला आणि नुसतं म्हणाला, "दुसरीकडून." ती दुसऱ्या बाजूला गेली. चौकट, न्हाणीघर, दार. दार उघडंच राहिलं. आत जागा थोडी होती. एल्विन भिंतीला पाठ लावून, हात काखेत दाबून उभा राहिला. गेनोरने नळ सोडला, पाणी मनगटावर पाहिलं आणि बापाच्या शर्टाची बटणं सोडवायला लागली. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांना हे सोपं जात नव्हतं, हे तिला त्यांच्या जबड्यावरून दिसत होतं. उजवी बाही निघाली. मग तिने डाव्या हाताचं वजन आपल्या तळव्यावर घेतलं, आणि ते किती आहे हे तिला पहिल्यांदा कळलं.

"सावकाश," एल्विन म्हणाला.

"सावकाशच करतेय ती," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "तिथे स्टूल आहे, एल्विन. नऊ वर्षं उभा आहेस. बस आता."

एल्विन स्टुलावर बसला.